भिंत हलली, मी नाही

तीर्थरूप अँब्रोजदादा यांस,

हॅगडाउन कोव्हहून तुझी धाकटी बहीण ड्रुसिला हिचा, हातमोजे काढून लिहिलेला साष्टांग नमस्कार. (साष्टांग आता घालता येत नाही, गुडघे ऐकत नाहीत, कागदावरचाच गोड मानून घे.) तुझी छाती, तुझा खोकला आणि तुमच्या वृद्धाश्रमातलं ते बिनमिठाचं जेवण कसं काय आहे? इकडचं म्हणशील तर मी ठणठणीत. लिअँडरने तुला फोनवर काहीबाही सांगितलं असेल. पोटचा पोर असला तरी सांगते, त्यातलं निम्मं खोटं आणि निम्मं अर्धवट. तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐक.

गेल्या हिवाळ्यात तारांवर बर्फ चढून आठवडाभर वीज नव्हती ना, तेव्हापासून त्याने धोशाच लावला होता, की आई, वीज गेल्यावर घर गरम ठेवायची धड सोय कर, नाहीतर शहरात, सेंट जॉन्सला आमच्या तळघरातल्या खोलीत राहायला चल. तळघरात! अरे, तळघरात बटाटे ठेवतात. मी म्हटलं, आपल्या आईचा लाकडाचा स्टोव्ह आहे की स्वयंपाकघरात. तर म्हणे तो फार जुना, विमावाले त्याला नाक मुरडतात, आणि या वयात लाकडं वाहणं तुला शोभत नाही. (शोभायला मी काय नाचायला निघाले होते?) मग उन्हाळाभर आमची निवड चालली, म्हणजे तो वस्तू आणायचा आणि मी नावं ठेवायची. रॉकेलचा हीटर आणला, तर घराला होडीच्या इंजिनासारखा वास. कॉड माशाचे तळलेले गोळेसुद्धा रॉकेलचे लागायला लागले. गॅसचा आणला, तर त्यावर लिहिलेलं की वापरताना खिडकी थोडी उघडी ठेवावी. घर गरम करायचं आणि खिडकी उघडायची! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. जनरेटर आणला, तर त्याची दोरी ओढताना माझा खांदा जागचा सरकला आणि तो मात्र ढिम्म. शेवटी साहेब लाकडाच्या भुश्शाच्या गोळ्यांवर चालणारा नवाकोरा स्टोव्ह घेऊन आले. काचेचं दार, हातात रिमोट, आत गोळ्या आपोआप पडतात. आईचा स्टोव्ह उचलून जाळ्यांच्या शेडमध्ये टाकला. त्या दिवशी मी जेवले नाही. रागानेच नाही जेवले, लपवू कशाला?

नोव्हेंबरात लिअँडर आपल्या स्टोव्हचं कौतुक बघायला मुद्दाम आला आणि नेमकं वादळ त्याच्या पाठोपाठ. वाऱ्याने खिडक्या हलायला लागल्या, दिवे गेले, आणि काचेमागच्या त्या नव्या नवरीने एकदा घुर्र केलं आणि डोळे मिटले. का, तर गोळ्या आत ढकलणारं यंत्र विजेवर चालतं! वीज गेल्यावर लागावा म्हणून आणलेला स्टोव्ह, आणि त्याला वीज लागते! मी फक्त हसले. (शपथ.) तो बिचारा रिमोटच्या बॅटऱ्या बदलून बघत होता.

आता आपल्या गावाची खोड तुला ठाऊक आहे. वीज गेली की कुणी कुणाला विचारत नाही, किटली उचलतात आणि थेट आईच्या स्टोव्हकडे येतात. दार वाजवायची पद्धत नाहीच. शेजारचा सेल्बी सगळ्यात आधी आला, त्याच्यामागे अख्खं गाव, कुणी पाव घेऊन, कुणी मुरांबा, कुणी तान्हं पोर. आले आणि गारठलेल्या स्वयंपाकघरात नुसते उभे. सेल्बीने त्या काचेच्या पेटाऱ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "काय रे लिअँडर, आईला फ्रीज आणलास होय?" पोरगा कानापर्यंत लाल झाला. मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. चौघे शेडमध्ये गेले आणि आईचा स्टोव्ह बर्फावरून घसरगाडीवर घालून घेऊन आले. नव्या स्टोव्हची नळी भिंतीतून बाहेर काढली होती, त्यामुळे जुनं धुराडं शाबूत होतं. पाणी उकळेपर्यंत कुणीतरी अकॉर्डियन काढलं, आणि तुझा शहरी भाचा स्टोव्हला पाठ लावून असा झोपला की घोरण्याचा ताल अकॉर्डियनला जुळेना.

वादळ सरल्यावर मला वाटलं, जिंकले. पण लिअँडर म्हणाला, "ते ठीक, पण विमावाले?" आणि खरंच विम्याचा माणूस आला. दार वाजवून आला! इथं दार वाजतं ते मरणाची बातमी आली तरच, तेव्हा मी म्हटलं, कोण गेलं? कुणी गेलेलं नव्हतं. त्याने फीत काढली, धुराडं तपासलं, स्टोव्हखालचा पत्रा तपासला, सगळं ठीक म्हणाला, पण स्टोव्ह मागच्या लाकडी भिंतीच्या फार जवळ आहे. स्टोव्ह पुढे घेतला तर धुराड्याला पोचत नाही. तेव्हा स्टोव्ह काढा, नाहीतर विमा विसरा. लिअँडरचा चेहरा उजळला, तळघरातल्या खोलीचे पडदेसुद्धा त्याने ठरवले असतील. मी त्या माणसाला चहा दिला आणि म्हटलं, "मग भिंत हलवते." त्याला वाटलं म्हातारी चळली. अरे दादा, सरकारने बेट सोडायला लावलं तेव्हा आपल्या बाबांनी हे अख्खं घर रिकाम्या पिंपांवर तरंगवत खाडीपलीकडून इथं आणलं (तू दोर धरून पुढच्या होडीत होतास, आणि मी वरच्या खिडकीतून तुला वेडावत होते). त्या घराच्या एका भिंतीचं काय घेऊन बसला तो? सेल्बीने आणि त्याच्या भावाने भिंत सोडवून बैठकीच्या खोलीत मागे सरकवली. बैठक अरुंद झाली, हे खरं. पण तिथं बसतो कोण? एक पाद्री आणि एक प्रेत. आता दोघांनी एकाच वेळी येऊ नये, एवढंच. विम्याचा माणूस पुन्हा आला, पुन्हा मोजलं, सही केली, आणि जाताना मुरांब्याची बाटली घेऊन गेला.

तेव्हा मी इथंच आहे आणि इथंच राहणार, हे तुझ्या भाच्याचा फोन आला तर त्याला ठणकावून सांग. प्रकृतीला जप. मीठ लपवून खात जा.

तुझी,
ड्रुसिला

ता. क. लाकडं सेल्बी फोडून देतो, त्याची चिंता नको. जिन्यावरच्या खोलीत नवी गादी घातली आहे. कुणासाठी, ते विचारू नकोस.

ता. क. २. विचारच. लिअँडरची शेवटची अट अशी होती, की घर गरम झालं, पण तू पडलीस तर उचलणार कोण? एकटी राहायचं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं की अँब्रोजमामा कायमचा राहायला येतोय, ख्रिसमसच्या आत. त्याने विश्वास ठेवला. त्याचा फोन येईल तेव्हा 'हो' म्हण.

ता. क. ३. नुसतं 'हो' म्हणू नकोस, खरंच ये. वीज गेली की माझं स्वयंपाकघर भरतं, आणि दिवे लागले की सगळे किटल्या उचलून हसत आपापल्या घरी पळतात, आणि मी त्या मेल्या दिव्यांना शिव्या देत एकटी कप विसळत राहते. थंडीला मी कधीच भ्याले नाही, दादा. तिकीट काढ. तुझ्या मुलीला विचारत बसू नकोस, विमानात बसल्यावर सांग.