दोन्ही पाय एका फळीवर

गुलमर्ग, शुक्रवार

चि. अनिल, आशीर्वाद.

सुखरूप पोहोचले. थंडी सोसवते.

इथे पर्यटनाच्या नोकरीत कायम व्हायचं तर तुझ्या भाचीला, दामिनीला, बर्फावरचा एक खेळ शिकावाच लागेल. नवख्याला स्की सोपं म्हणतात, पण दोन पायांना बांधलेल्या दोन पट्ट्या दोन दिशांना गेल्या की गुडघा पिळतो. तिचा गुडघा कबड्डीतच दुखावलेला. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधतात. पडलं तर मार मनगटाला.

मी म्हटलं, "बोर्डच घे. मनगट मोडलं तरी जुळतं."

"गो आई, आधी तू पडून बघ, मग सांग!"

तिने माझं ऐकलं. आज दिवसभर पडली. मनगटं शाबूत आहेत. खोलीवर येताना मात्र लंगडत होती. मी गुडघा शेकायला पाणी तापवलं.

आप्पांना फक्त थंडीचं सांग. धसईत वाल काढायला आले का?

तुझी,
जनाताई