न हलणारा गोळा

आधी माझी ओसरीची भिंत पांढरी करून दे, मग तुझं शिक्षण सांग. दिवाळीचा चुना ओला होता तोवर तू कोळशानं गोळे काढून पुण्याला पळालास. येणारा-जाणारा विचारतो, म्हातारे, ही कुठली रांगोळी?

प्रिय रंगनाथ,

दोन बुकं शिकले, तेवढ्यात भागवते. शेवंती बरी आली. तुझा बाप सावळीराम पहाटे फुलं घेऊन बाजारात जातो, घरात मात्र तोंड उघडत नाय. करुणाशी लग्न करतो म्हणालास तेव्हापासनं हे असंच.

मी भिंतीकडं बघत बसते. तू सांगितलंस ते ध्यानात हाय: गोळा म्हणजे माणूस, रेघ म्हणजे कोण कोणाचं ऐकतं. दर फेरीला जो तो आपल्याला जोडलेल्यांकडं बघून आपलं मत थोडं सरकवतो, आणि त्याचं गणित मांडता येतं. मधला काळाकुट्ट गोळा तेवढा हलत नाय, म्हणून फिरून फिरून सगळे त्याच्याच मताला येतात. हा कोण रे, विचारलं, तर चहा मागितलास.

म्हटलं, आपणच रेघा चालून बघू. तुझ्या बापाला बाजारात गाठलं, तर म्हणाला, मास्तरांची शिकलेली पोर, मला काय वाईट? पण मालन येणं-जाणं तोडील. एस्टीनं सिन्नरला गेले. तुझी मालनआत्या म्हणाली, मला चालेल गं, सहादूदादा पंगतीला बसायचा नाय. तुझा चुलता सहादू सरळ बोलला, बौद्धांची पोर मला नको. निदान स्वतःचं तरी बोलला! म्हटलं, तुझ्या एकट्यापायी घर अडलंय? तर म्हणतो, माझं कोण ऐकतं? अडलंय तुझ्यापायी, आई. तिच्या घरची कडबोळी तू सगळ्यांदेखत बाजूला सारलीस.

मेल्या, तो काळा गोळा मी होय? एवढं गणित मांडलंस, पण गोळ्याला एकदा विचारावं, हे नाय सुचलं? माझ्या दोन दाढा पडल्यात, तिसरी हलतेय. चारचौघांत तोंड उघडून दाखवू का? सहादूचं मी बघते. बाकीच्यांनी माझ्या नावावर नकार खपवायचा नाय. करुणाला घेऊन ये. आणि या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाय, तुझ्या बापानं तर नायच. तिनं लिहायचं, स्वतःच्या हातानं, आणि तिला मऊ काय काय करता येतं तेही त्यात कळवायचं.

तुझीच,
आजी नवसाबाई