केशरचा रंग उजळू नये

मी, केशरबाई टिकाराम कापगते, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती आणि कबड्डीची कॉमेंट्री, राहणार एकोडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी सासू सीताबाई, आणि ती केव्हाच वारली.

हे मी पुस्तकी मराठीत लिहीत आहे ते मुद्दाम. मला ती येते. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी मैदानावर माईक हातात आला की मी झाडीबोलीत बोलत आले, कारण समोर बसलेले सगळे त्याच बोलीत हसतात आणि भांडतात. दुसरे येत नव्हते म्हणून बुढी तशी बोलायची, असे माझ्यामागे कोणी म्हणू नये.

कलम १. तलावाखालची धानाची बांधी आणि राहते घर मुलगा हेमराज याला द्यावे. घराला एक अट आहे, ती शेवटी लिहिली आहे. पोस्टातली ठेव सून शुभांगी हिला. माझा आवाज मोबाइलमध्ये भरताना शिट्टी वाजू नये म्हणून ती कुकर उतरवून ठेवायची आणि घरातल्यांची बोलणी खायची.

कलम २. माझे पती टिकाराम दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवत. ती ढोलकी दिघोरीच्या ढोलकीवाल्या रिताला द्यावी. आमच्या दंडार मंडळातल्या काहींना बाईने ढोलकीवर थाप मारलेली खपत नाही. ज्याची हरकत असेल त्याने आधी रितासारखी वाजवून दाखवावी, मग तोंड उघडावे.

कलम ३. हे कलम नीट वाचावे. माझी नात उर्वशी, म्हणजे हेमराजचीच मुलगी, हिने कबड्डीचा मोबाइल गेम तयार केला आहे. त्यातल्या मुख्य खेळाडूचे नाव केशर. ती माझ्यासारखीच काळी आहे, बुटकी आहे, समोरचा एक दात नाही, आणि लुगड्याचा कासोटा मारून चढाई करते. मागे ढोलकी टिकारामची वाजते, जुन्या कॅसेटवरून घेतलेली. कॉमेंट्री माझी.

यंदाच्या मंडईत शाळेच्या पोरी कासोटा मारून आल्या. एकीच्याही तोंडाला पावडर नव्हती. "आजी, आमी केशर बनून आलो," म्हणाल्या. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेल्या घरची एक पोट्टी मला म्हणाली, "गेममंदी कोनीतरी आमच्यावानी बोलते, आजी." मी मैदानातच रडले. कोणाला दिसले असेल तर दिसू दे.

पंधरा दिवसांनी शहरातल्या एका कंपनीच्या माणसाचा फोन आला. गेम ते घेणार, मोठा करणार, फक्त केशरचा रंग थोडा उजळ करणार आणि आवाज दुसऱ्या बाईचा भरणार, म्हणजे गेम सगळ्यांना आपला वाटेल. मी विचारले, "सगळे म्हंजे कोन जी? आमी त्याच्यात येतो का नाही?" त्याने फोन उर्वशीला द्यायला सांगितले. पोरीने "कळवते" म्हणून फोन ठेवला. हेमराज मला म्हणाला, "माय, पोरीचं नशीब खुलून राहिलं, तू कायले आडवी होतेस? गेम त गेम आहे."

गेम गेम नाही. माझ्या लग्नात हळदीवर पावडर थापली होती. त्या वेळच्या फोटोत पावडर दिसते, मी दिसत नाही. एकदा पुसून झाले, पुन्हा पुसू देणार नाही.

म्हणून गेम उर्वशीचा, त्यातला माझा आवाज आणि माझे रूप तिच्या स्वाधीन. कंपनीला द्यावा, परदेशात न्यावा, माझी ना नाही. पण केशर काळीच राहील आणि झाडीबोलीतच बोलेल. हे मान्य नसेल तर व्यवहार मोडावा आणि पोरीने दोष माझ्यावर ढकलावा. मेलेल्या माणसाशी कोणी भांडत नाही, हा फायदा तिने घ्यावा. दुसऱ्या डावात एक कुकरची शिट्टी राहून गेली आहे, तीही काढू नये.

कलम ४. मंडई समितीचे भैय्याजी गहाणे यांनी एके वर्षी माझा माईक काढून नागपूरच्या एका बोलक्याला दिला होता. अर्ध्या सामन्यात लोक ओरडले, "केशरबाईले बोलवा." भैय्याजी स्वतः घरी न्यायला आले, म्हणून मी त्यांना निम्मे माफ केले आहे. माझ्यामागे माईक उर्वशीला मिळाला तर उरलेले निम्मेही माफ. त्यांनी हे कलम वाचूनच साक्षीची सही करावी.

कलम ५. भिंतीवर लग्नाचा फोटो लावू नये. गेममधल्या केशरचे चित्र मोठे करून लावावे. हार घातला तरी चालेल, पण दात झाकू नये.

कलम ६. घराची अट. हेमराजने हा गेम आजवर एकदाही खेळलेला नाही. त्याला लाज वाटते, मला ठाऊक आहे. माझ्या तेरवीच्या दिवशी, पंगत बसण्याआधी, त्याने अंगणात सगळ्यांसमोर एक डाव खेळावा. आवाज पूर्ण मोठा ठेवावा.

तो हरेल. त्याचा दम लहानपणापासून कमी. पहिल्याच सामन्यात तो तोंडावर पडला होता आणि सगळे मैदान हसले होते, तेव्हा मी माईकवरून त्याला काही म्हणाले होते. खेळाडू बाद झाला की गेममध्ये तेच वाजते. उर्वशीने विचारले होते, "आजी, खेळनारी त पोट्टी आहे, मंग 'बापू' कायले म्हनतेस?" मी म्हटले, राहू दे.

"पडला त पडला, बापू. माती झटक अन् उभा राय. डाव सरला नाही."

ते त्याने ऐकावे. मग पंगत बसवावी.

ठिकाण : एकोडी
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

केशरबाई टिकाराम कापगते
(सही केली आहे. अंगठा नाही.)

आम्हा दोघांच्या देखत केशरबाईंनी सही केली. ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी आम्ही कोणी नाही.

साक्षीदार १ : रत्नाबाई लांजेवार, शेजारी
साक्षीदार २ : भैय्याजी गहाणे. कलम चार वाचले. माईक उर्वशीलाच.