न दुखणारं दुखणं

प्रज्ञाचे पप्पा,

जय भीम. तुम्ही जाऊन तीन वर्षं होत आली. इतके दिवस मनातच बोलत होते, आज मात्र कागद घेऊन बसले. सकाळपासून घरात येरझाऱ्या घालतेय. दोन भाकरी करपल्या. दुसऱ्या कुणाला सांगू हे?

सातवीतही पोरीला वाचलेलं ध्यानात राहीना, म्हणून काल डोक्याचा एमआरआय केला. डॉक्टरीणबाईंनी पांढरे ठिपके दाखवले. तिच्या रक्तातल्या सिकलसेलमुळं मेंदूत बारीक बारीक जागी रक्त पोचलं नाही, तिथं इजा झालीय म्हणाल्या. जुनीच आहे.

मी म्हटलं, "पण मॅडम, तिचं डोकं कधी दुखलं न्हाय की."

"ही इजा दुखत नाही, म्हणून तर कळत नाही."

हातपाय ठणकले की तुम्ही तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठायचा. त्यात कधी कसूर केली नाही. पण ठणका थांबला की, "आता दुखत न्हाय न्हवं? मग चल शाळेला." आपण आजाराला दुखणंच म्हणतो. दुखेल तेच दुखणं, असं धरून चाललो.

चौथीत ती पाढे विसरायला लागली. दुकानात धाडली तर निम्म्या वाटेतनं परत, "आई, काय आणायचं हुतं?" तुम्ही म्हणायचा, "नाव प्रज्ञा आणि डोक्यात भुसा." तीही हसायची. का म्हणायचा हो तसं? आणि मी? सातचा पाढा चुकला म्हणून "आळशी" म्हणत तिच्या बोटांवर लाटणं मारलं. तुम्ही निदान हसत तरी होता.

या आजारावर मिळेल ते वाचलं मी. दवाखान्यातली पत्रकं, पेपरातली कात्रणं. तरी हे माझ्या नजरेतनं कसं सुटलं?

काल परत येताना रिक्षात तिनं विचारलं, "आई, मग मी आळशी नव्हते न्हवं?" "न्हाय गं," म्हटलं आणि बाहेर बघत बसले. माफीचा शब्द ओठावर आलाच नाही.

झालेली इजा भरून येत नाही. नवी होऊ नये म्हणून दर महिन्याला रक्त चढवायचं आहे. ती सुईला भिते. "मी न्हाय येणार जा," म्हणून दप्तर घेऊन गेली.

शाळेतनं आली की आधी तिची माफी मागेन, मग सुईचं बोलेन. सोमवारी तिला रक्त चढवायला घेऊन जाईन, हा माझा शब्द. ती चिडेल, मला बोलेल, तुम्हालाही बोलेल. तेव्हा तुमची बाजू मी घेणार नाही.

तुमची,
सुनंदा