चौथं कारण

प्रिय सलीमाचाची,

हे पत्र तुझी झेबा तुला वाचून दाखवेल. झेबा, मधली वाक्यं गाळू नकोस आणि गोड करून सांगू नकोस. चाची, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "जेवली का? काय जेवली? आवाज काऊन बसला?" एवढं झालं की फोन ठेवतेस. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही. पायाबद्दल मी शेवटी लिहिणार आहे. त्याआधी बाकीचं ऐक.

तुझा डबा शनिवारी मिळाला. एस.टी.च्या पार्सलवाल्याने तो पुन्हा खिडकीबाहेर ठेवला होता आणि पुन्हा विचारलं, "मॅडम, यात नेमकं काय मेलंय?" मी सांगितलं, रोहूचे वाळलेले खवले आहेत, जे मरायचं ते डोणगावलाच मेलं. वजन केलं, एक किलो दोनशे ग्रॅम. एका खवल्यालाही माती किंवा रक्त नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत शिकलेली माणसं इतकं स्वच्छ काम करत नाहीत. चौदा महिन्यांत असे चौदा डबे आले. एका पायावर भार देऊन बसून तू ते भरलेस, हे मला माहीत आहे.

लहानपणी आई अंगणवाडीतून येईपर्यंत मी तुझ्या मासळीच्या दुकानात बसायची. सुरी शेपटीकडून डोक्याकडे चालवायची, हे मी तिथे शिकले. पहिल्यांदा उलटी चालवली तेव्हा तू म्हणालीस, "मासा हाय तो, मेथीची जुडी नाही." शाळेत मुली माझ्या वह्यांचा वास घेऊन नाक दाबायच्या. मी तुला सांगितलं नव्हतं, झेबाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू बिस्किटांचा पत्र्याचा डबा घासूनपुसून दिलास, वह्या ठेवायला. तो अजून माझ्याकडे आहे. त्यात आता माझ्या नोंदी असतात.

काम कुठवर आलं, ते तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी "चालू आहे" म्हणते. आज नीट सांगते. खवल्यातला चुना सौम्य आम्लाने काढला की चिवट धागे उरतात. ते विरघळवून, गोठवून, वाळवले की जाळी तयार होते, पांढरी, पावासारखी सच्छिद्र. स्वच्छ जखमेवर ती ठेवली की भोवतालची कातडी तिच्या आधाराने आत सरकते आणि काम झालं की जाळी विरून जाते. अडचण माशाची आहे. तो पाण्याइतकाच गार राहणारा जीव, माणसाच्या अंगाच्या उबेत त्याचे धागे सैल पडतात. पहिली जाळी सहा तासांत पाणी झाली. मग हिरड्यातल्या तुरट द्रव्याने धागे एकमेकांना बांधले. तू हसली होतीस, "हिरडा तं पोटासाठी असते वं!" जास्त घातलं तर जाळी पुठ्ठ्यासारखी ताठ होते, पेशी आत शिरत नाहीत. कमी घातलं तर नऊ दिवसांत विरते. एकवीस दिवस टिकायला हवी. आत्ता सोळा टिकते.

आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी सुरुवातीला विचारलं होतं, मासाच का? गाईगुरांच्या आणि डुकराच्या कातड्याची जाळी जास्त मजबूत होते, त्यावर कामही खूप झालंय. मी तीन कारणं लिहून दिली. खवले फुकट जातात. जनावरांचे रोग त्यातून येण्याची भीती कमी. आपल्याकडे तळी आणि धरणं आहेत. तिन्ही खरी आहेत. चौथं लिहिलं नाही. पुण्यातल्या पहिल्या वर्षीच्या सुट्टीत मी तुला या जाळ्या कशापासून होतात ते सांगितलं, तेव्हा डुकराचं नाव ऐकून तू बराच वेळ मासे कापायचा पाटा धूत राहिलीस आणि म्हणालीस, "मंग आमच्यासारख्याईनं काय करायचं?" ते चौथं कारण.

आता माझी चूक. मागच्या ईदला मी जाळीचा तुकडा आणला होता. तू शिरखुर्म्याच्या रिकाम्या वाटीत कोमट पाणी घेऊन तो बुडवलास, बोटाने दाबलास. विरला नाही. खोक्याचा खिळा लागून तुझ्या पायाच्या करंगळीखाली झालेली जखम तेव्हा पाच महिन्यांची होती, झाली तेव्हा साखरेमुळे तुला ती कळलीही नव्हती. तू विचारलंस, "माह्या पायाले लागंल ना हे, अनू?" मी म्हणाले, "लागेल. लवकरच." मी आकडा नसताना बोलत नाही. त्या दिवशी बोलले, कारण तुझा चेहरा तसा होता.

आकडा असा आहे. पुढच्या वर्षी उंदरांवर चाचणी. मग परवानग्या. मग माणसांवर. सगळं सुरळीत झालं तरी सहा-सात वर्षं. आणि आज तयार असती तरी तुझ्या कामाची नव्हती. पू हाडापर्यंत गेला की जगातली कुठलीच जाळी तिथे चालत नाही. झेबा, हे दोनदा वाच.

झेबाने रविवारी फोन केला. डॉक्टर दोन बोटं काढायची म्हणतात, नाहीतर विष वर चढेल आणि पाय जाईल. आणि तू तीन आठवडे त्यांना सांगते आहेस, "पोरगी पुण्यात पट्टी करून राह्यली, थांबा जरा." चाची, थांबायचं कारण मी दिलं होतं. ते मी परत घेते. म्हणून हे पत्र. शुक्रवारी ऑपरेशनला हो म्हण. गुरुवारी दुपारी मी मेहकरला उतरते, पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली आहे. बाजाराच्या दिवशी पाट्यावर मी बसेन, तू खाटेवरून शिव्या दे. जाळी मी पुरी करणारच आहे, ती दुसऱ्या कुणाच्या पायाला लागेल. माझं चौथं कारण दोन बोटांनी कमी झालं तरी मला चालेल. अख्खं गेलेलं चालणार नाही.

तुझीच, अजूनही माशाचा वास येणारी,
अनू