नवसाचं जहाज

रोस्कॉफ, ९ सप्टेंबर १९८३

चि. एर्वान यास अनेक आशीर्वाद.

प्रवास ठीक चाललाय. तुझ्या पोराने, गिरेकने, शेवटचं समुद्रावर जाण्याआधी तुझ्या साठीनिमित्त या सहलीची आपल्या दोघांची तिकिटं काढून ठेवली होती, आणि तू बंदरावरच ठाण मांडून बसलास. तुझ्या सीटवर माझी पिशवी बसते. तुझ्यापेक्षा कमी कुरकुरते.

वाटेतल्या प्रत्येक जुन्या चॅपलमध्ये छताला छोटी लाकडी जहाजं टांगलेली. गाईड म्हणतो, ही सगळी समुद्रावरून सुखरूप परत आलेल्यांच्या नवसाची. मला तू स्वयंपाकघरात बनवत बसतोस ते जहाज आठवलं. गिरेक सुखरूप आला तर खलाशांना राखणाऱ्या संत आनला वाहीन, असा नवस बोललास. पण त्याची बोट बुडून दीड वर्ष झालं रे. बुडालेल्यांच्या भिंतीवर त्याचं नाव कोरायचं का, असं पाद्रीबाबा विचारताहेत. त्याच्या बायकोलाही एकदाचं मोकळेपणी रडायचंय. हो म्हण.

वेळेवर जेव. परत येईन तेव्हा बरगड्या मोजायला लावू नकोस.

तुझी ताई,
सोआझिग

पोर्सपोडेर, ११ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

नाव कोरायचं नाही. डोलकाठ्या उभ्या राहिल्या, शिडं तेवढी बाकी आहेत. प्रेत सापडलेलं नाही, मग तुम्हा सगळ्यांना कसली घाई? भिंतीवर नाव गेलं तर संत आन म्हणेल, बापानंच आशा सोडली, मी कशाला खपू? त्या जहाजांना दोरी असते की साखळी, नीट बघून कळव.

सूप पितोय. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

एर्वान

पँपोल, १३ सप्टेंबर

चि. एर्वान यास अ. आ.

साखळी असते. आज त्या जहाजांखाली मीही गुडघे टेकले, पण मागायला काही सुचेना. माझी आशा संपली, बाळा. रागाव हवं तर.

सोआझिग

पोर्सपोडेर, १६ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न.

शिडं लावून झाली. हाताला काही काम उरलं नाही, तेव्हा कळलं, मीही नुसता वेळ काढत होतो. आज ओहोटीला धक्क्यावरून जहाज सोडून दिलं. म्हटलं, त्याच्याकडेच जाऊ दे. ऐटीत गेलं गं, खडकांपलीकडे दिसेनासं झालं.

भरतीला परत आलं. पायऱ्यांना टेकून उभं होतं, एक शीडही फाटलं नव्हतं.

समुद्राला परत द्यायचं कळतं, ताई. माझं पोर तेवढं देत नाही. नाव कोरायला सांग.

तुझा,
एर्वान