किटकॅट तेवढा तसाच ठेवलास

फैजपूर
११ जानेवारी

प्रिय कौतिक,

अक्षर मोठं काढलंय आणि एकाआड एक रेघ सोडलीय. कारण तुला ठाऊक आहे, तेव्हा हसू नकोस. फोनवर बोललो असतो तर पाच मिनिटांत आटोपलं असतं, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? मी आभाराचा 'आ' काढला की तुझं सुरू, 'बरं भो, ठेवतो, गिऱ्हाईक उभं आहे.' गाड्यांच्या वायरिंगचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली तुला, गिऱ्हाईक कुठून येऊन उभं राहतं कोण जाणे. म्हणून कागद घेतला. कागद मध्येच ठेवून देता येत नाही.

आधी घरची खबर. डिंपलचं लग्न ठरल्याप्रमाणे सहा फेब्रुवारीला, इथेच आपल्या दारात. ललित पोरीचा बाप म्हणून मांडववाल्यामागे धावतोय, सूनबाईने, कामिनीने, गल्लीतल्या बाया गोळा करून उडदाचे पापड लाटून घेतले. नात म्हणते, आबा, लग्न माझं आहे आणि घरात मलाच कोणी विचारत नाही. मुलगा तुमच्या धुळ्याचा, हे तर तुला माहीतच आहे. लग्न दुपारचं, पाठवणी चारच्या पुढे. म्हणजे निघून जळगाव ओलांडेपर्यंत दिवस मावळणार आणि पारोळ्यापासून पुढे अंधारच. आता तुझ्या लक्षात आलं असेल, मी कुठे येतोय ते.

आपली फियाट आठव. अठ्ठ्याऐंशी साली तूच ती पारोळ्याच्या डॉक्टरांकडून मला मिळवून दिलीस. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. धुळ्याहून इथवर तू चालवलीस आणि मी शेजारी मांडीवर पाण्याची बादली धरून बसलो होतो, कारण रेडिएटर गळत होता. आठ दिवस राहून तू मला केळीच्या बागांमधल्या चाकोरीत गाडी शिकवलीस. माझं सगळं शिक्षण असंच झालं. सातवीत शाळा सुटली, जळालेले पंप उघडून उघडून वायंडिंग शिकलो, आणि तुझ्याकडून गाडी. तेव्हापासून आमच्या गल्लीत रीतच पडली, की पोरगी सासरी जायची ती आधारआबाच्या फियाटमधून. डिंपल पाच वर्षांची असताना समोरच्या घरची नवरी गाडीत बसताना बघून तिने मला विचारलं होतं, 'मला पण?' मी म्हणालो, 'तुला पण. आणि चालवणार मीच.' वीस वर्षं ती हे लोकांना सांगत हिंडली. मीही सांगत हिंडलो.

नवरात्रात लग्न पक्कं झालं आणि त्याच आठवड्यात मी तुला फोन केला, की गाडीचे दिवे फार मंद झालेत. तू म्हणालास, 'डोळे कधी दाखवले होते?' मी काय केलं? फोन ठेवला. पंधरा दिवस तुझा फोन उचलला नाही. एवढा राग का आला ते तेव्हा तुला सांगितलं नाही, शेवटी सांगतो. पण मनाशी ठरवलं, की खोट गाडीतच आहे हे मीटर लावून दाखवायचं आणि कौतिकचं तोंड बंद करायचं.

आणि खोट निघालीही, हीच तर गंमत. दिवे लावून मीटर धरला. बॅटरीवर बारा पॉइंट चार, दिव्याच्या पिनेवर नऊ पॉइंट आठ! अडीच व्होल्ट वाटेतच फस्त. दिव्यांचा सगळा करंट बॅटरीतून डॅशबोर्डच्या बटणात, तिथून पायाखालच्या डिपरमध्ये, तिथून पुन्हा पुढे. पन्नास वर्षांची बारीक तार आणि जागोजागी गंजलेले जोड. बटण दहा मिनिटांत चहाच्या पेल्यासारखं गरम व्हायचं. मी स्वतःच्या कपाळावर हात मारला. आयुष्यभर लोकांच्या विहिरींवर स्टार्टर बसवत आलो. हिरवं बटण दाबणारं बोट काही पंप चालवत नाही. ते आतल्या कॉइलला नुसती खूण करतं, आणि भार झेलतात त्या आतल्या जाड पट्ट्या. रिले म्हणजे तोच स्टार्टर, काड्यापेटीएवढा. जुन्या तारेने फक्त खूण करायची, आणि बॅटरीपासून थेट दिव्यापर्यंत नवी जाड तार ओढायची. एवढी साधी गोष्ट, पण घरच्या गाडीसाठी मला ती कधी सुचली नाही.

जळगावहून दोन रिले आणले, एक अप्परला, एक डिपरला. तार आणायला विसरलो, तर सबमर्सिबलची उरलेली केबल होती, ती चिरून वापरली. फ्यूजही विसरलो होतो, म्हणून पंपाच्या बोर्डावरचा चिनी मातीचा पांढरा किटकॅट काढला आणि बॉनेटखाली स्क्रूने आवळला. कामिनी तुळशीला पाणी घालायला आली आणि बघतच राहिली. म्हणे, 'आबा, ही गाडी नवरी नेणार की विहिरीतलं पाणी काढणार?' चार दिवस लागले मला. जोड बसवताना तारेचं टोक भोकात जाईना, तीन-तीनदा चुकायचं. मी म्हटलं, हात थरथरतोय, वय झालं.

दिवस मावळताना गाडी पॅकिंग शेडच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभी केली. बटण दाबलं. आत टक् असा आवाज आला. स्टार्टर ओढतो तसाच, पण नाजूक. अंगणात सगळे ओरडले. कामिनीने डोळ्यांवर पदर घेतला, ललित म्हणाला, 'आबा, समोरच्याला आंधळं करता का?' मीटरवर बारा पॉइंट एक. डिंपल टाळ्या पिटत होती. त्या भिंतीवर ठिबकच्या नळ्यांची जाहिरात रंगवलेली आहे, हातभर अक्षरांची. कौतिक, मला त्यातलं एक अक्षर वाचता आलं नाही. दोन पिवळसर गोळे दिसत होते, आणि त्यांच्याभोवती चंद्राला पडतं तसं खळं. मी म्हणालो, 'हं, झकास.' आणि दिवे बंद केले.

पुढचे तीन दिवस मी त्या गाडीचा पिच्छा पुरवला. अर्थिंग घासून नवं केलं, बल्ब बदलले, काचा लिंबाने धुतल्या. घरचे म्हणायचे, झालं ना आता, आणखी काय पाहिजे? मी कोणाला सांगणार? लग्नाला दोन महिने उरले होते. शेवटी लाज गिळून तुला फोन केला आणि नुसते आकडे सांगितले. बॅटरीला बारा पॉइंट चार, दिव्याला बारा पॉइंट एक, तरी मंद. मला वाटलं, आता ऐकवणार. पण तू एवढंच म्हणालास, 'उद्या येतो.' आणि पहिल्या एसटीने आलास.

तो दिवस मी विसरायचो नाही. तू बॉनेट उघडलंस आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा हसलास. 'गाडीले किटकॅट! भो, हिले पंपाचा फूटवॉल्व्ह कुठे लावला?' सगळे हसले, मीही हसलो. मग तू मीटर काढलास, एक-एक जोड तपासलास, अप्पर लावलास, डिपर लावलास, आणि वर बघून मला म्हणालास, 'दिवा बराबर शे, भो. बठ्ठं बराबर शे.' इतक्या हळू आवाजात, की शेजारी उभ्या ललितलाही त्यात वेगळं काही वाटलं नाही. मला मात्र सगळं कळलं. दिवा ठीक होता, सगळं ठीक होतं. आता खोट निघायला एकच जागा उरली होती. तू ती बोलून दाखवली नाहीस. मी फोन आदळला होता, त्याची आठवणही काढली नाहीस. कामिनीला म्हणालास, 'सूनबाई, सामानाला जळगावला जाऊन येतो आम्ही दोघं.' आणि किल्ली मागितली नाहीस, नुसतं दार उघडून स्टिअरिंगवर बसलास. वाटेत एकाही पाटीवर बोट ठेवून 'हे वाच बरं' म्हणाला नाहीस. भुसावळच्या पुढे भजी खाल्ली आपण. डोळ्यांच्या दवाखान्याच्या बाकावर तीन तास माझ्याशेजारी बसून अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या बादलीच्या गोष्टी काढत राहिलास.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पार पिकलेला. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवता? मी मान खाली घातली आणि तू म्हणालास, 'आता नाही चालवत.' मग घरी आल्यावर मीच सगळ्यांना सांगितलं. तू ते माझ्यासाठी राखून ठेवलं होतंस. धुळ्याहून आलेल्या माणसाने घरच्या म्हाताऱ्याची खोट चारचौघांत मांडली असती तर मी चिडून दवाखान्यात पाऊलही टाकलं नसतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर तू चार दिवस राहिलास. थेंब घालायची वेळ झाली की 'धुळे गाडी फलाटाला लागली' म्हणून ओरडायचास. काळा चष्मा काढून पहिल्यांदा तुझ्याकडे पाहिलं तेव्हा मी म्हणालो होतो, 'अरे, तू इतका म्हातारा कधी झालास?' तू म्हणालास, 'तू बघत नव्हतास तेव्हा.' कामिनी अजून ते वाक्य पाहुण्यांना सांगते.

आता तुला ठाऊक नाही ते सांगतो. म्हणजे तुला ठाऊक आहे, पण मला कळलंय हे ठाऊक नाही. परवा नव्या डोळ्याने मी बॉनेट उघडलं. माझं काम बघायचं होतं. केबल माझीच, रिले माझेच, पण जोड माझे नव्हेत. सगळ्या तारा एकत्र घेऊन पांढऱ्या मेणदोऱ्याने बांधलेल्या, दर चार बोटांवर एक गाठ. आजकाल कोण बांधतं असं? सगळे प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळतात. ती गाठ तुझी, धुळ्याच्या दुकानात शंभरदा बघितलेली. मी खाटेवर झोपलेलो असताना तू दोन दुपारी 'गाडी पुसतो' म्हणून अंगणात असायचास ना? तुझ्या हातून सुटलेला माझ्या केबलचा एक तुकडा खाली अडकून राहिला होता. तो काढून बघितला. मी चिरताना त्याचं कवच कापलं गेलं होतं आणि तांबं उघडं पडून पत्र्याला घासत होतं. फ्यूजच्याही अलीकडे, बॅटरीच्या बाजूला, म्हणजे फ्यूज असून नसल्यासारखा. नवरी बसलेल्या गाडीला आग लागली असती. तू तेवढा तुकडा काढलास, त्या जागी नवी तार जोडलीस आणि अवाक्षर बोलला नाहीस. किटकॅट तेवढा तसाच ठेवलास, का, तर मी बॉनेट उघडीन तेव्हा मला वाटावं हे सगळं मीच केलंय. अर्धा तास मी त्या गाठींकडे बघत उभा होतो. नवा डोळा रडवायचा नसतो म्हणतात, पण काय करणार?

आणि आता ते, ज्यासाठी हा कागद घेतला. नवरात्रातल्या त्या संध्याकाळी दिवे मला नुसतेच मंद वाटले नव्हते. यावलहून येताना, केळी कापायला येणारी आमच्याकडची रुक्माबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन कडेने चालली होती. मला ती दिसलीच नाही. बंपरला भाऱ्याचं गवत घासल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. ती उडी मारून रस्त्याकडेच्या चारीत पडली होती. उठून, अंग झटकत म्हणाली, 'आबा, दिवे तरी लावा ना गाडीचे.' दिवे लागलेले होते, कौतिक. पण तिच्या बोलण्याचा मला आधार झाला. म्हटलं, बघा, दिवेच मंद आहेत. तिला खरचटलं होतं. मी भारा उचलून दिला, घरी कोणाला सांगितलं नाही, आणि तू डोळ्यांचं नाव काढलंस तेव्हा फोन आदळला. काल मी तिच्या घरी चालत गेलो आणि दोष दिव्यांचा नव्हता, माझा होता, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, त्या दिवसापासून ती रस्ता सोडून बांधाबांधाने लांबून जाते, पाऊण तास जास्त लागतो. मी म्हणालो, 'रस्त्याने येत जा. आबा आता दिवेलागणीनंतर गाडी काढत नाही, कधीच.' तिने माझ्या डोळ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, 'मग उद्यापासून येते.' डिंपललाही सांगितलं, की मी शब्द मोडतोय. ती म्हणाली, 'बरं झालं आबा, तुम्ही रडत रडत गाडी चालवली असती.' तेव्हा सहा तारखेला स्टिअरिंगवर तू बस. मी मागे डिंपलजवळ बसेन, 'मांडीवर बादली घेऊन' म्हणालास तर बादली घेऊन. पारोळ्याच्या अलीकडे अंधार पडेल तेव्हा दिव्यांचं बटण मात्र मागून हात घालून मी दाबणार, तेवढा हट्ट माझा. आज संध्याकाळी ओट्यावर बसून हे लिहीत होतो तर समोरच्या रस्त्याने रुक्माबाई भारा घेऊन गेली. इथून तिच्या लुगड्याचा रंगसुद्धा दिसला. हिरवा होता.

तुझाच,
आधार